वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार), पाय बधीर होतायत, आणि कंपोस्टचा ढीग तेच सांभाळतात. काय करावं?

शिवार_पुरंदर:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, एक शेतीचा एक दवाखान्याचा, पण दोन्ही एकाच माणसाभोवती फिरतायत म्हणून एकाच धाग्यात विचारतोय, ॲडमिननी कृपया वेगळे करू नयेत.

सासवडच्या पुढे आमची दोन एकर भाजी आहे. टोमॅटो, वांगी, फ्लॉवर, हंगामात वाटाणा. रासायनिक अजून पूर्ण बंद नाही पण कमी करत आणलंय, गोणीचे भाव बघताय ना सगळे. आठवडी बाजार उठला की उरलेला पाला, सडका टोमॅटो, कोबीची पानं टेम्पोत भरून आणतो, त्यात जवळच्या पोल्ट्री शेडचं कोंबडखत आणि घरच्या दोन म्हशींचं शेण, असा ढीग लावतो. हे खातं वडिलांचं. वय ६४. तरुणपणी टीबी झालेला, कोर्स पूर्ण केला होता, पण बिडी काही सुटली नाही आणि आता सीओपीडी आहे, इनहेलर चालू आहेत. बिडी बंद केलीय असं ते म्हणतात, आई वेगळं म्हणते.

गेले काही महिने पायाला मुंग्या. आधी अंगठे, मग तळवे, रात्री जळजळ. परवा शेतातून येताना एका पायातली चप्पल चिखलातच राहिली आणि हा माणूस तसाच खडीच्या रस्त्याने घरापर्यंत आला, आईने विचारलं एक चप्पल कुठंय तेव्हा खाली बघितलं. इथल्या डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले दम्याच्या पेशंटच्या नसाही खराब होतात, आणि रात्री घ्यायला प्रीगॅबालिन ७५ लिहून दिली. ती सुरू केल्यापासून सकाळी नऊपर्यंत उठत नाहीत, उठले तरी गुंगीत असतात.

तर १) फुफ्फुसाच्या आजाराने पायाच्या नसा खरंच जातात का? चुलतभाऊ म्हणतो कोंबडखताचा वास घेऊन घेऊन झालंय. २) ढीग नीट कुजत नाही, डोळे चुरचुरतील असा वास मारतो, आणि मागच्या लागणीला बेसलमध्ये (लागणीच्या वेळच्या खतात) टाकला तर टोमॅटोची रोपं आठ दिवसात पिवळी पडून करपली. कुठे चुकतंय?

---

बांधावरचा_बाप्या:

दुसऱ्याचं आधी सांगतो, पहिल्यासाठी इथे जाणकार आहेत, ते येतीलच.

दादा तुमच्या ढिगात कार्बन कुठंय? बाजारचा पाला म्हणजे ८५-९० टक्के नुसतं पाणी, कोंबडखत म्हणजे नत्राचा डोस, शेण आणखी ओलं. सुकं काहीच नाही. सी-एन रेशो, म्हणजे कार्बन आणि नत्राचं प्रमाण, २५ ते ३० ला १ असा पाहिजे तर जिवाणूंना नत्र पचतो, नाहीतर तोच नत्र अमोनिया होऊन उडतो, डोळे चुरचुरतात ते त्याच्यामुळे, म्हणजे खताचे पैसे हवेत चाललेत. आणि सगळं ओलं दाबून बसलं की आत हवा जात नाही, मग ते कुजत नाही, सडतं. असलं कच्चं खत रोपाच्या बुडाशी गेलं की अमोनिया, क्षार आणि सडण्यातली आम्लं मिळून पांढरी मुळी जाळून टाकतात. रोप उपटून बघितलं असतं तर मुळ्या तपकिरी दिसल्या असत्या.

सुकं घाला. उसाचं पाचट, गव्हाचं भुसकट, वाळलेला मका तोडून, जे स्वस्त मिळेल ते. आकारमानाने धरा, एक घमेलं ओल्या पाल्याला दोन घमेली सुकं, आणि कोंबडखत फक्त वरून भुरभुरवायचं. ओल बघायला मूठभर घेऊन दाबायचं, बोटांतून एखाद-दोन थेंब आले तर बरोबर, धार लागली तर अजून सुकं घाला, हात उघडल्यावर नुसतं भुसभुशीत पडलं तर पाणी मारा. ढीग कंबरेएवढा तरी उंच ठेवा नाहीतर तापत नाही. लोखंडी सळई आत खुपसून थोड्या वेळाने काढायची, हात लावून धरवत नसेल तर ५५-६० डिग्रीच्या आसपास आहे समजा. तेवढी गर्मी पंधरा दिवस टिकली आणि त्यात निदान पाच वेळा पलटी झाली, म्हणजे बाहेरचं आत गेलं, तर तणाचं बी, कोंबडखतातले रोगजंतू, सगळं मरतं. टोमॅटो जमिनीला टेकतो, लोक कच्चा खातात, त्यामुळे हे सोडू नका. कच्चं कोंबडखत डायरेक्ट टाकायचं असेल तर अमेरिकेच्या सेंद्रिय नियमात जमिनीला लागणाऱ्या पिकाला काढणीआधी १२० दिवस सांगितलेत, आपला टोमॅटो तेवढ्यात लागून, तोडून, संपूनही जातो, मग विचार करा.

आणि अर्धवट कुजलेल्यात हुमणी येते ती वेगळीच.

किती टाकायचं तर टोमॅटोला हेक्टरी २० टन म्हणजे एकरी ८ टन चांगलं कुजलेलं. त्यात १ टक्का नत्र धरला तर ८० किलो झाला, पण पहिल्या पिकाला त्यातला पाव ते एक तृतीयांशच लागू होतो, बाकी पुढच्या पिकांना सावकाश मिळतो. म्हणून एकदम रासायनिक बंद करून कंपोस्टवर हायब्रीड टोमॅटो लावणारे पहिल्या वर्षी रडतात आणि मग सेंद्रियलाच शिव्या घालत बसतात. ठिबकमधून थोडं देत राहा, दरवर्षी माती बघून कमी करा. कोंबडखत दरवर्षी ओतत राहिलात तर स्फुरद आणि क्षार साठत जातात हेही ध्यानात ठेवा, माती परीक्षणात ईसी (क्षारांचं माप) बघत चला.

---

जय_जीवामृत:

एवढं सगळं कशाला भाऊ, जीवामृत करा. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. ना ढीग ना वास ना पलटी. आणि वडिलांना रोज सकाळी अनशापोटी गोमूत्र अर्क द्या, नसा मोकळ्या होतात असं म्हणतात, आमच्या पाहण्यातल्या एकांची काठी सुटली.

---

बांधावरचा_बाप्या:

जीवामृत मीही सोडतो, त्याला विरोध नाही. पण ते विरजण आहे हो, जेवण नाही. जमिनीत सेंद्रिय कर्बच नसेल तर ते जिवाणू खाणार काय? आणि म्हशीच्या गोठ्यातला माणूस टेम्पोभर पाला फुकट आणतोय तो टाकून देऊ का? वडिलांच्या औषधाचं तेवढं इथे नको, त्यांचा श्वास आधीच कमी आहे.

---

छातीतलं_यंत्र:

मी चेस्टमध्ये (छातीच्या आजारांच्या विभागात) काम करतो. धाग्यावरून निदान होत नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये दोन-तीन गोष्टी अशा आहेत की आज बोललं पाहिजे.

पहिली गोळी. प्रीगॅबालिन नसांच्या जळजळीला चांगली आहे, पण सीओपीडीवाल्यांमध्ये तिने श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने डिसेंबर २०१९ ला प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिन दोन्हींसाठी हा इशारा काढलाय, वयस्कर आणि फुफ्फुसाचे पेशंट म्हणून खास नाव घेऊन. सकाळी नऊपर्यंत गुंगी हे मला आवडलेलं नाही. ज्यांनी लिहून दिली त्यांना आजच फोन करा, डोस कमी करायचा की बदलायची ते ते ठरवतील, मनाने झटकन बंदही करू नका. सोबत झोपेची गोळी, अल्प्राझोलाम वगैरे, किंवा कोडीन असलेलं खोकल्याचं औषध चालू असेल तर ते नक्की सांगा, दोन्ही मिळून धोका वाढतो. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर झोपेत आणि उठल्यावर रीडिंग लिहून ठेवा. उठवून उठत नाहीत, बोलणं अडखळतंय, ओठ निळसर वाटतायत, असं काही झालं तर फोनची वाट बघू नका, सरळ ॲडमिट.

आता नसा. हो, सीओपीडीत पायाच्या नसांना इजा होते, हे खरंय. शरीराला ऑक्सिजन कायम कमी मिळत राहिला की नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर परिणाम होतो, तंबाखूचा भार असतोच, वजन आणि खाणं घटलेलं असतं. सगळ्यात लांब नस पायाच्या अंगठ्यापर्यंत जाते म्हणून सुरुवात तिथून. चप्पल निसटल्याचं न कळणं हे अगदी तसंच आहे. पण, आणि हा पण मोठा आहे, सीओपीडीमुळे झालंय असं म्हणायचं ते बाकी सगळं तपासून झाल्यावर. कारण बाकीची कारणं जास्त कॉमन आहेत आणि त्यातली बरीच सुधारता येतात.

बी१२ बघा. घरात माळ आहे का, अंडं मटण खातात का? शुगर बघा, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट) सकट, कारण दम वाढला की दरवेळी स्टेरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स होतो आणि त्याने डायबेटिस उघडा पडतो, तुम्हाला कोणी सांगितलंही नसेल. थायरॉइड, क्रिएटिनिन (किडनीसाठी). दारू किती, खरं खरं. मागच्या वर्षात कुठली अँटिबायोटिक झाली? छातीत कफ झाला की लिव्होफ्लॉक्सासिन सर्रास लिहिली जाते, त्या गटाच्या औषधांनी नसांना इजा होते आणि ती औषध बंद केल्यावरही राहू शकते. टीबीच्या आयसोनियाझिडने बी६ कमी होऊन मुंग्या येतात, पण ते गोळ्या चालू असताना, इतक्या वर्षांनी नवीन सुरू होत नाही, तो संशय सोडा. आणि मेडिकलमधून बी६ च्या जास्त पॉवरच्या गोळ्या आणून महिनोन्महिने देऊ नका, बी६ जास्त झालं तर त्यानेच नसा जातात.

आणखी एक, उकिडवं बसल्यावर उठताना हाताचा आधार घ्यावा लागतो का? ते असेल तर मांडीच्या स्नायूंचा प्रश्न, स्टेरॉइडने स्नायू झिजतात, नसांपेक्षा वेगळी गोष्ट आहे. डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क घोट्याला लावून कंप कळतोय का बघितलं का? दोन मिनिटांचं काम आहे. एनसीव्ही (नसांचा वेग मोजायची) टेस्ट नंतर.

चुलतभावाच्या थिअरीबद्दल. कोंबडखताच्या अमोनियाने दमा उफाळतो, नस जात नाही. शेतीत नसांचा संशय घ्यायचाच तर फवारणीवर घ्या. काही ऑर्गेनोफॉस्फेट औषधांची मोठी विषबाधा झाली तर दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात असं होतं. वडील पंप घेतात का अजून?

आणि शेवटी ढीग, जे मला सगळ्यात जास्त खटकलंय. गरम कंपोस्टमध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटस नावाची बुरशी मजेत वाढते, फावडं मारलं की जो धूर उठल्यासारखा दिसतो त्यात वाफेबरोबर तिचे बीजाणू असतात, २-३ मायक्रॉनचे, थेट खोल फुफ्फुसात. धडधाकट माणूस ते साफ करून टाकतो. जुना टीबी होऊन पोकळी राहिलेली असेल तर ती तिथे घर करते, बुरशीचा गोळाच होतो, मग खोकल्यातून रक्त. त्यावर महिनोन्महिने इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल द्यावं लागतं, आणि गंमत बघा, त्या औषधांनीही पायाला मुंग्या येतात. वर इट्राकोनॅझोल काही स्टेरॉइड इनहेलरशी भांडतं. इतक्या लांब जायचंच कशाला. वडिलांनी पलटी मारायची नाही. मास्क लावून पण नाही.

---

मेलबर्नची_माई:

शिवार, इथे ऑस्ट्रेलियात कुंडीच्या मातीच्या प्रत्येक पिशवीवर इशारा छापलेला असतो, कारण कंपोस्ट आणि पॉटिंग मिक्समध्ये लीजिओनेला लाँगबीची नावाचा जंतू सापडतो, त्याने न्यूमोनिया होतो, आणि सिगरेट ओढणारे, वयस्कर, फुफ्फुसाचे पेशंट यांना जास्त. सूचना अशी की पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नका, आधी थोडी ओली करा, ग्लव्ह्ज घाला, नंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. माझ्या सासऱ्यांना मी हे वाचून दाखवलं तर म्हणाले आम्ही शेणात खेळून मोठे झालो. मग दोन वर्षांनी भारतात गेल्यावर स्वतःच भावाला सांगत होते ऐटीत. सांगत राहायचं, कुठेतरी जातंच आत.

---

शिवार_पुरंदर:

सगळ्यांचे आभार, विशेषतः @छातीतलं_यंत्र. फोन केला होता, गोळी २५ वर आणली डॉक्टरांनी, आता सकाळी सातला चहा मागतायत. झोपेत ऑक्सिजन ८९-९० दिसतोय.

रिपोर्ट आले. बी१२ दीडशेच्या आत आहे. वडील वारकरी, चाळीस वर्षं माळ आहे गळ्यात, अंडंसुद्धा नाही. एचबीए१सी ६.३. दोनदा लिव्होफ्लॉक्सासिन झाली होती गेल्या पावसाळ्यात, फाईलमध्ये सापडलं. फवारणी ते करत नाहीत, मी करतो. उकिडवं बसून उठतात व्यवस्थित. इंजेक्शनं सुरू केलीत बी१२ ची.

आता खरी अडचण ही की ते ढिगाजवळून हटत नाहीत. तू पलटी मारतोस ती वरवरची असते म्हणतात. काल मी बाजारात गेलो तेवढ्यात फावडं घेऊन उभे. रुमाल बांधला होता म्हणे तोंडाला.

---

छातीतलं_यंत्र:

रुमालाने पाल्याचा तुकडा अडेल, बीजाणू नाही. पलटी मारायला जो जाईल त्याने, म्हणजे तुम्हीसुद्धा, आधी पाणी मारून ढीग ओला करायचा, नाकाला घट्ट बसणारा एन९५, आणि वाऱ्याकडे पाठ. ढीग घराच्या ओसरीजवळ असेल तर लांब न्या.

बी१२ सापडलं हे उत्तम, भरून निघायला वेळ लागतो, मुंग्या आधी वाढल्यासारख्या पण वाटू शकतात, घाबरून बंद करू नका. ६.३ ला डायबेटिस म्हणत नाहीत पण उंबरठ्यावर आहे, पुढचा स्टेरॉइड कोर्स झाला की परत शुगर बघा. ८९-९० सध्या ठीक, सतत ८८ किंवा खाली राहिला तर छातीच्या डॉक्टरांकडून घरच्या ऑक्सिजनचं विचारा. तो दिला तर दिवसाला १५ तास तरी लावावा लागतो तेव्हा फायदा, आणि स्वतःच्या मनाने फ्लो वाढवायचा नाही, अशा पेशंटला ८८ ते ९२ मध्येच ठेवतात. बिडीचं आईंना विचारून घ्या, ऑक्सिजन आणि काडेपेटी एका खोलीत नको.

पाय रोज रात्री बघायचे, बोटांच्या बेचक्यांत टॉर्च मारून. बाजारच्या कचऱ्यात काच, खिळे, पिना, काय काय येतं, लागलेलं त्यांना कळणार नाहीये. गमबूट द्या, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं ते बघा. शेक घ्यायला गरम पाण्याची पिशवी तर अजिबात नाही, भाजतं आणि कळत नाही.

---

बांधावरचा_बाप्या:

काकांचा ढीग काढून घेऊ नका, पद्धत बदला. नाडेप करा. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची पद्धत, त्यांच्या नावावरूनच नाडेप. विटांचं टाकं, १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, भिंतीत मधे मधे भोकं सोडायची हवेसाठी. थर लावायचे, काडीकचरा शंभरेक किलो, त्यावर चार-पाच किलो शेण पाण्यात कालवून शिंपडायचं, त्यावर चाळलेली माती पन्नासेक किलो, परत काडीकचरा. काठाच्या वर दीड फूट शीग आली की शेणमातीने लिंपून बंद. दोन-तीन आठवड्यांत खाली बसतं, परत भरून परत लिंपायचं. तडे गेले तर लिंपण, ओल कमी वाटली तर भोकांतून पाणी. तीन ते चार महिन्यांत तयार, आणि मधे पलटी नाहीच! एका टाक्यातून तीनेक टन निघतं. तुमच्या दोन एकराला एक टाकं पुरणार नाही, दोन-तीन लागतील, आलटून पालटून भरायची.

कोंबडखत यात अगदी बेताने, कारण उघड्या ढिगाएवढं हे तापत नाही. कोंबडखताचा वेगळा छोटा ढीग तुम्ही लांब लावा आणि तुम्हीच पलटी मारा. टाकं फोडून चाळायच्या दिवशी काकांना पंढरपूरला पाठवा नाहीतर बहिणीकडे, धुरळा त्याच दिवशी असतो.

भरताना माती किती, शेण किती, हे बघायला मात्र जुना माणूसच लागतो. खुर्ची टाकून द्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, आणि शिव्या खायची तयारी ठेवा.

---

मेलबर्नची_माई:

कचऱ्यातलं प्लास्टिक वेचताना पण बसून तेच करणार बघा. त्यांना वेचायला देऊ नका.

---

शिवार_पुरंदर:

हे पटेल त्यांना बहुतेक, नाडेप त्यांनी कुठल्या तरी कृषी मेळाव्यात बघितलंय, नाव काढल्यावर लगेच विटांचा भाव विचारला. बाप्या, विटा सिमेंटमध्येच लावायच्या का? आणि नगरपालिकेचं तयार कंपोस्ट स्वस्तात मिळतंय, ते मिसळू का सुरुवातीला?

---

बांधावरचा_बाप्या:

विटा मातीत लावल्या तरी चालतात, फक्त वरचा थर सिमेंटमध्ये घ्या म्हणजे ढासळत नाही. आतून बाहेरून शेणाने सारवून वाळू द्यायचं आणि मग भरायचं.

शहराचं कंपोस्ट घ्यायचं तर आधी रिपोर्ट मागा. खत नियंत्रण आदेशात मर्यादा ठरवून दिलेल्या आहेत, किलोमागे शिसं १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. वर्गीकरण केलेल्या ओल्या कचऱ्याचं असेल तर चांगलं असतं, मिश्र कचरा चाळून केलेलं असेल तर हातात घेतल्यावरच काचेची चमक दिसते. शिसं म्हणजे परत नसांचाच विषय, डॉक्टरसाहेब सांगतील. रिपोर्ट नाही म्हणाले तर भाजीला नको, बांधावरच्या झाडांना टाका फार तर.

पाचटाचं काय केलंत? दौंड साइडला तोडणी झाली की पेटवूनच देतात, आमच्या पाहुण्यांचं दीड एकर पुढच्या आठवड्यात मोकळं होतंय. टेम्पो आणि दोन माणसं घेऊन या, पाचट फुकट, भरायची मजुरी तुमची. येताना ताडपत्री आणा, घाटात उडतं सगळं.